वाचकांचे प्रश्न : कानाला मशीन एक की दोन?

प्रश्न : आमचे नाना ७२ वर्षांचे आहेत, अख्खी नोकरी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली. दोन-तीन वर्षांपासून टीव्ही इतका मोठा लावतात की गल्लीला बातम्या ऐकू जातात, आणि आपण काही बोललो की "काय म्हनस?" ठरलेलं. धुळ्याला टेस्ट केली, उजवा कान ५० आणि डावा ५८ डेसिबल असं लिहून दिलंय. मशीनवाले म्हणतात दोन्ही कानांना लावा. एकाचे २६ हजार, दोनाचे ५२. नाना म्हणतात एका कानानं भागतंय, दुसरं काय दुकानदाराचं घर भरायला घ्यायचं का? खरं सांगू, मलाही तीच शंका आहे. आणि एकच घेतलं तर कोणत्या कानाला?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : दादा, दोन विकले तर दुकानदाराचा फायदा जास्त होतो हे खरंच आहे, पण तेवढ्यानं सल्ला खोटा ठरत नाही. डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकू कमी, आणि नानांचे आकडे बघता दोन्ही कान गेलेत आणि जवळजवळ सारखेच गेलेत, जिनिंगच्या आवाजात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचं बहुतेक असंच असतं. अशा माणसाला मीसुद्धा आधी दोनच सांगते, का ते बघा.

आवाज डाव्या बाजूनं आला तर तो उजव्या कानाला किंचित उशिरा पोचतो, जास्तीत जास्त ०.६-०.७ मिलिसेकंद, आणि थोडा हळूही होतो कारण मधे आपलं डोकं असतं. तेवढ्या फरकावरून मेंदू ओळखतो की हॉर्न कुठून वाजला. एकाच कानाला मशीन असलं की हे गणित बिघडतं, सगळे आवाज मशीनच्याच बाजूनं आल्यासारखे वाटतात, आणि नाना जर अजून सायकलवर नाहीतर पायी रस्ता ओलांडून शेतात जात असतील तर हा मुद्दा मला पैशापेक्षा मोठा वाटतो.

दुसरं म्हणजे डोक्याची सावली. जाड आवाज डोक्याला वळसा घालून पलीकडे जातो, पण बारीक, उंच पट्टीचा आवाज अडतो, १५-२० डेसिबलपर्यंतसुद्धा कमी होतो. आणि स, श, फ, थ ही अक्षरं त्याच बारीक पट्टीतली, शिवाय वयानं आणि आवाजानं आधी जाते तीही तीच पट्टी. म्हणून तर म्हातारी माणसं म्हणतात ना, ऐकू येतं पण कळत नाही. साठ म्हटलं की आठ ऐकू येतं, सात म्हटलं की हात. आता ओट्यावर चार जण बसलेत, मशीन उजव्या कानात आणि बोलणारा डावीकडे, तर त्या माणसाचं अर्धं बोलणं नानांना मान वळवूनच ऐकावं लागेल.

दोन्हीकडून ऐकलं की आवाज मेंदूत मिळून मोठाही वाटतो, अगदी हळू आवाजाला साधारण ३ डेसिबलचा फायदा, मोठ्या आवाजाला त्याहून जास्त. म्हणजे प्रत्येक मशीनचा आवाज जरा कमी ठेवून चालतं आणि ती कानात शिट्टी वाजते ना, ती कमी होते.

आणि जो कान तसाच सोडला त्याचं काय? १९८४ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास छापून आला होता, दोन्ही कान सारखेच गेलेल्या लोकांचा. चार-पाच वर्षांनी बघितलं तर ज्यांनी एकच मशीन लावलं होतं त्यांच्या रिकाम्या कानाची शब्द ओळखायची ताकद कमी झालेली होती. आवाज पूर्वीइतकाच पोचत होता, शब्द कळणं घटलं होतं. प्रत्येकाचं असं होतंच असं नाही, पण "एक आत्ता घेऊ, दुसरं पाच वर्षांनी बघू" म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते, कारण पाच वर्षांनी तो कान मशीनला तितकी साथ देईलच याची खात्री नसते.

दुकानात चष्म्याचं उदाहरण देतात, काचा दोन लागतात मग मशीन एकच कसं. मला ते फारसं पटत नाही. चष्मा लावला की त्याच मिनिटाला दिसतं, मशीनला महिना-दीड महिना सवय करावी लागते आणि पहिल्या आठवड्यात भांड्यांचा आवाजसुद्धा डोक्यात जातो, त्यामुळे बरेच जण मशीन डब्यात घालून कपाटात ठेवून देतात. दोन घेऊन दोन्ही कपाटात, याला काही अर्थ नाही.

आता दोन नको असं मी कधी सांगते? एका कानाला शब्द खूपच कमी कळत असतील तर. टेस्टमध्ये नुसते डेसिबल बघू नका, शब्द ओळखायची टेस्ट झालीय का विचारा, तिचे मार्क टक्क्यांत देतात. उजवा ८० टक्के आणि डावा ३० असं काही निघालं तर डाव्या कानातला गोंधळ उजव्याचंही ऐकणं बिघडवू शकतो, काही वयस्कर लोकांना गर्दीत दोनापेक्षा एकानंच चांगलं कळतं, हे खोटं नाही. शिवाय कान वाहत असेल तर आधी ईएनटी डॉक्टर. हात थरथरतात, सेल बदलता येत नाही, घरी मदतीला कोणी नाही, तरीही एकच बरं.

आणि पैसा. इथे माझं मत दुकानदाराला आवडणार नाही. २६ हजाराच्या एकापेक्षा प्रत्येकी १३-१५ हजाराची साधी डिजिटल दोन घ्या. नानांना ब्लूटूथ नको, मोबाईलवरचं ॲप नको, त्यांना नातवाचं बोलणं आणि कीर्तन कळलं पाहिजे. साधं मशीन नीट सेटिंग केलं तर महागड्या पण अंदाजे सेट केलेल्या मशीनपेक्षा चांगलं चालतं. सेटिंग करणारा माणूस आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) रजिस्टर्ड ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारा तज्ज्ञ, आहे का तेवढं बघा. कानाच्या मशीनवर जीएसटी शून्य आहे, बिलात लावलेला दिसला तर विचारा. नाना ६५ च्या पुढचे आहेत, घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखाच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकदाच ३,००० रुपये खात्यात येतात आणि ज्या साधनांसाठी ते मिळतात त्या यादीत श्रवणयंत्र आहे. अर्ज सुरू आहेत का ते समाजकल्याणच्या ऑफिसात विचारा.

एकच घ्यायचं पक्कं झालं तर कोणता कान? जुना ठोकताळा असा की दोन्ही कान मध्यम गेले असतील तर जास्त गेलेल्याला लावायचं, म्हणजे तो दुसऱ्याच्या बरोबरीला येतो, आणि दोन्ही फारच गेले असतील तर बऱ्या कानाला, कारण तिथंच काहीतरी हाती लागेल. नानांचे कान याच्या मधोमध आहेत आणि फरक फक्त ८ डेसिबलचा, त्यामुळे ठोकताळा इथं फार कामाचा नाही. शब्दांचे मार्क ज्या कानाचे चांगले तो कान. मार्क सारखेच निघाले तर फोन कोणत्या कानाला लावतात, जेवताना माणसं कोणत्या बाजूला बसतात, हे बघा.

पण त्याआधी ट्रायल मागा, दुकानातल्या बंद खोलीतली नाही, घरची. एक दिवस उजवं, एक दिवस डावं, मग दोन्ही. बाजाराच्या दिवशी घालून पाठवा, लग्नाच्या पंगतीत बसवा. घरी तोंडासमोर पेपर धरून शब्द म्हणा, सात, साठ, हात, खाट, आणि नानांना परत म्हणायला लावा, ओठ दिसले तर टेस्ट फुकट. दोन्ही लावून त्यांना स्वतःला फरक जाणवला नाही तर ५२ सोडा, ३० हजारही घालू नका.

प्रश्न : आईला दोन मशीन आहेत. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, मे महिन्यात सेल आठवडाभरही टिकत नाहीत. खराब माल येतोय का?
– एक वाचक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, सेल हवेवर चालणारे असतात, चिकटपट्टी काढली की हवा आत जाते आणि ते सुरू होतात, मग वापरा की नका वापरू. कोरड्या गरम हवेत ते आतून सुकतात, म्हणून मे महिन्यात लवकर जाणं नवीन नाही. पट्टी काढली की लगेच मशीनमध्ये टाकू नका, मिनिटभर उघडा ठेवा. जादा सेल गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या घरात खिडकीजवळ ठेवू नका, फ्रीजमध्ये पण नको, ओल धरते. रात्री सेल काढून बाहेर ठेवा आणि दार उघडं ठेवून नुसतं मशीन सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, घामाचं पाणी निघून जातं. दोन मशीनला सेलचा खर्च दुप्पट हे मात्र आहेच, खरेदी करताना हे कोणी सांगत नाही.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. लहानपणी गालफुगी झाली होती तेव्हापासून डावा कान पूर्ण बंद, उजवा एकदम चांगला. डावीकडच्या मुलांचं ऐकू येत नाही. डाव्या कानात मशीन लावून उपयोग होईल का?
– एक शिक्षिका, शहादा

उत्तर : कान पूर्ण बंद असेल तर साध्या मशीनचा उपयोग नाही, तिथं आवाज घेणारा आतला कानच काम करत नसतो. तुमच्यासाठी क्रॉस नावाचा प्रकार असतो, डाव्या बाजूला माइक, तो तिकडचा आवाज उजव्या कानातल्या मशीनकडे पाठवतो. डावीकडचं पोरगं काय म्हणतंय ते कळतं, पण आवाज कुठून आला हे तरी कळणार नाही, कारण ऐकणारा कान एकच. वर्गात फिरून बघा आणि मगच पैसे द्या, काहींना ते त्रासदायकही वाटतं. तोवर मुलांकडे तोंड केल्यावर तुमच्या डाव्या हाताला जो कोपरा येतो तिथं टेबल घ्या, मुलं तुमच्या उजवीकडे येतील. आणि उजवा कान अचानक बसल्यासारखा वाटला, एका दिवसात, तर मळ असेल म्हणून तेल घालत बसू नका, त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी ईएनटीकडे जा, या आजारात औषध जितकं लवकर तितकं ऐकणं परत यायची शक्यता जास्त.