“पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या, सर!”

“मॅडम, दोन वर्षं जे शिकलो, त्यातलं इथं काहीच कामी येऊन नाही राहिलं.”

नागपूरच्या रामदासपेठेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बावीस वर्षांत हे वाक्य मी किती तोंडून ऐकलं असेल! नुकतेच बी.एड. होऊन शाळेत लागलेले शिक्षक, वॉर्डात पहिल्यांदा रात्रपाळी करणाऱ्या नर्स, मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला लागलेले इंजिनीअर. प्रत्येकाचे शब्द वेगळे, पण पोटातली भीती तीच: एक तर कॉलेजनं मला फसवलं, नाहीतर मीच कच्चा निघालो. त्यात पहिल्याच आठवड्यात कुणीतरी ज्येष्ठ सहकारी म्हणालेला असतो, “पुस्तकातलं पुस्तकात राहू द्या, आता खरं शिकाल.” २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं, प्रत्यक्ष शाळेत घालवायचे आठवडेही वाढले. तरी माझ्यापर्यंत येणारी ही तक्रार काही कमी झालेली नाही.

म्हणून एका गणिताच्या सरांबद्दल लिहिते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे. पाच महिन्यांच्या भेटी इथं थोडक्यात येतील.

सर तिशीच्या आतले, मराठी शाळेत पाचवी-सहावीला शिकवणारे, बी.एड.ला पहिल्या वर्गात पास झालेले. रविवारी संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा. जेवण जायचं नाही, झोप लागायची नाही. पहिल्या भेटीत म्हणाले, “मी गट पाडतो, साहित्य वापरतो, कृती देतो. ज्ञानरचनावादात, म्हणजे मूल स्वतःच ज्ञान रचतं या विचारात, सांगितलंय तसंच सगळं. मग मुलांना समजायलाच पाहिजे ना? नाही समजत. म्हणजे मीच नापास.”

माझी घडण विवेकनिष्ठ विचारपद्धतीतली, म्हणजे त्रास देणारे विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारातली. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली, आणि मला ती मनापासून पटते. त्यामुळे ‘समजायलाच पाहिजे’मधला तो ‘च’ मी लगेच पकडला. हट्टाचं रूपांतर इच्छेत करा, अपेक्षेला आज्ञा होऊ देऊ नका, हे समजावलं. सरांनी मान डोलावली, वहीत लिहून घेतलं. पुढच्या भेटीला मी दिलेला विचारांचा तक्ता सुवाच्य अक्षरात भरून आणला. पोटातला गोळा मात्र जागच्या जागी.

तो तक्ता मी बराच वेळ पाहत बसले. पाच रकाने, पंधरा ओळी, आणि त्यात एकही मूल नव्हतं. वर्गात काय घडलं, कोण काय बोललं, काहीच नाही. तेव्हा लक्षात आलं, सर वर्गात जे करतात तेच इथंही करतायत. पद्धत मिळाली की ती काटेकोर राबवायची, आणि फळ आलं नाही की दोष स्वतःकडे घ्यायचा. मीही त्यांना राबवायला आणखी एक पद्धतच दिली होती.

तिसऱ्या भेटीत मी तक्ता बाजूला ठेवला.

“सर, मागच्या आठवड्यातलं एक उत्तर सांगा. एकाच मुलाचं. शब्द न शब्द.”

ते जरा गोंधळले. मग म्हणाले, “दशांश अपूर्णांक सुरू आहेत. एका मुलीला विचारलं, ०.४५ मोठा की ०.५? ती म्हणाली, ०.४५.”

“मग तुम्ही?”

“चूक म्हटलं. पुढच्या मुलाला विचारलं.”

“तो?”

“तोही ०.४५ म्हणाला.”

“ती मुलगी आकडा कसा वाचते?”

सरांनी टेबलावरचा कागद ओढला, त्यावर ०.४५ लिहिलं आणि तिच्यासारखं वाचलं, “पॉइंट पंचेचाळीस.” खाली ०.५ लिहिलं. “पॉइंट पाच.” पेन तिथंच थांबलं. बाहेर रस्त्यावर गाड्यांची गर्दी होती, ती सगळी ऐकू येत होती.

“पंचेचाळीस पाचापेक्षा मोठेच ना, मॅडम,” ते हळूच म्हणाले. “ती चुकून नाही चुकून राहिली. तिचा एक नियम आहे. पूर्ण संख्यांचाच नियम ती पॉइंटच्या पुढं लावून राहिली.” आणि थोड्या वेळानं: “हे आम्हाला होतं. अभ्यासक्रमात होतं. पियाजे.”

“मग आठवलं काहून नाही?” मीही नागपुरीवर आले.

“पेपरात लिहायला आठवायचं. वर्गात कधी लागलंच नाही.”

मग मी त्यांना या स्विस बालमानसशास्त्रज्ञाची, पियाजेची एक गोष्ट सांगितली. १९२० च्या आसपास तरुण पियाजे पॅरिसमध्ये मुलांच्या तर्कशक्तीच्या चाचण्यांवर काम करत होता. बरोबर उत्तरं मोजायची, असं ते काम. पण त्याचं लक्ष गेलं चुकीच्या उत्तरांकडे. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेनं चुकतात, हे त्याला दिसलं, आणि ‘असं का वाटलं तुला?’ असं तो मुलांना विचारत बसला. ज्या सिद्धांतावर सरांनी सोळा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, त्याचा उगम असल्याच एका ‘चूक’मध्ये होता.

सर हसले. पहिल्यांदाच. “म्हणजे मी ‘चूक’ म्हणून पुढं गेलो तिथं तो थांबला होता.”

हे वाक्य मी त्यांना दिलेलं नव्हतं. अशा क्षणांसाठीच मी हे काम करते, आणि तसा क्षण आला की लगेच काही बोलू नये, एवढं मला आता कळतं.

पुढची चक्रं त्यांनीच फिरवली. वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्यांनी ‘का?’ विचारलं आणि उत्तरं जशीच्या तशी वहीत उतरवली. पुस्तकी सल्ला पैशांच्या उदाहरणाचा: ४५ पैसे, ५० पैसे. पण पावली आणि त्याखालची नाणी २०११ मध्येच चलनातून गेली. या मुलांनी पैसा कधी हातात धरलेलाच नाही. मुलांनीच सुचवलं, भाजीवाल्याचा काटा! बुधवारी बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.४५० आणि ०.५०० दिसतं, हे सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांची उत्तरं पटकन बरोबर आली.

सर आनंदात मला सांगायला आले, आणि पुढच्या वेळी पडलेल्या चेहऱ्यानं. चाचणीत ०.४५ आणि ०.५ दिल्यावर सात मुलं पुन्हा चुकली. “काट्यावर ती साडेचारशे आणि पाचशेच वाचून राहिली होती, मॅडम. शून्य लावल्यामुळं उत्तर बरोबर आलं, डोक्यातला नियम तोच राहिला.” या वेळी चेहरा पडला होता, पण पोटात गोळा नव्हता. मग कागदाच्या पट्टीचे दहा भाग, त्या प्रत्येक भागाचे पुन्हा दहा, आणि ‘अर्धा कुठं येतो?’ हा प्रश्न. आता त्यांना पट्टी का वापरायची ते ठाऊक होतं. आधीही त्यांनी पट्ट्याच वापरल्या होत्या. पद्धतीत सांगितलंय म्हणून.

“सर, याला काय म्हणतात?” मी विचारलं.

ते थबकले. “कृतिसंशोधन.” बी.एड.ला त्यांनी त्याचा अहवाल पूर्वचाचणी, उत्तरचाचणी आणि आलेखासह दोन रात्रींत लिहून काढला होता. तेव्हा त्यांच्याकडे प्रश्नच नव्हता, फक्त नमुना होता. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात ही कल्पना मांडली तेव्हा करता करता तपासणं, तपासता तपासता बदलणं हाच तिचा जीव होता. आपण त्याची फाइल केली.

आता ज्यांना हीच काळजी आहे, त्यांच्याशी बोलते.

सिद्धांत तुम्हाला उद्या सकाळी अकरा वाजता काय करायचं ते सांगणार नाही. कुठं पाहायचं ते सांगेल. पाहिलंच नाही, तर तो निरुपयोगी वाटणारच. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियात ज्यांच्या वर्गात बसले, त्या शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९०४ मध्येच शिक्षकांच्या तयारीबद्दल हा मुद्दा काढला होता: सुरुवातीलाच नुसता वर्ग सांभाळायचं कसब अंगी आणलं, की माणूस लवकर सराईत होतो आणि त्याची वाढ तिथंच थांबते. आपल्या शेजारी वर्ध्यात १९३७ च्या शिक्षण परिषदेत गांधीजींच्या नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिक्षणाचा, विचार झाला, तोही हात आणि बुद्धी यांची फारकत होऊ नये यासाठीच. म्हणून ‘आता खरं शिकाल’ म्हणणाऱ्यांचं ऐका, त्यांचं कसब घ्या, पण डोळे त्यांच्या हवाली करू नका.

अनुभव म्हणजेच पुरावा असंही समजू नका. एक नर्स माझ्याकडे रडत आली होती. “हात धुवायला वेळ कुठं आहे, आम्ही वीस वर्षं असंच करतोय,” असं तिला वॉर्डात सांगितलं गेलं. मी तिला सेमेलवाइस या डॉक्टरबद्दल सांगितलं. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात त्यानं डॉक्टरांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं उतरले. जंतूंचा सिद्धांत तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता. त्यानं वॉर्डात पाहून, मोजून काढलेलं होतं ते. आणि त्याला विरोध कुणी केला? वर्षानुवर्षांच्या अनुभवी डॉक्टरांनी. तेव्हा बाई, हात धुण्यात तडजोड नाही. तिथं परिस्थितीनुसार बदल करायचा नसतो. दशांश शिकवण्यात करायचा असतो. कुठल्या गोष्टीत संशोधनाचं जसंच्या तसं ऐकायचं आणि कुठल्या गोष्टीत ते समोरच्या माणसाशी ताडून पाहायचं, हे ओळखायला मात्र वेळ लागतो. तो स्वतःला द्या. रोज एकच प्रसंग लिहा, समोरच्याच्या शब्दांत. आठवड्यातून एकदा जुनं पुस्तक उघडा आणि त्या प्रसंगाबद्दल त्यात काही सापडतं का बघा.

सरांनी दिवाळीनंतर वेळ मागितली नाही. एकदा शाळा सुटल्यावर मात्र पाच मिनिटांसाठी येऊन वही दाखवून गेले. शेवटच्या पानावर त्याच मुलीचं वाक्य होतं: “सर, ०.५० मोठा, कारण ०.५ ला शून्य जास्त भेटला.” खाली लाल पेनानं काही लिहिलेलं नव्हतं. पेन्सिलीनं एवढंच होतं: “उद्या पट्टीवर दाखवायला सांगणे. घाई नाही.”