स्ट्रॅट वाजवताना हात लागून व्हॉल्यूम कमी होतो, काय करावं?

स्ट्रॅट म्हणजे स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारचा व्हॉल्यूम नॉब ब्रिज पिकअपच्या (ब्रिजकडच्या, तारांचा आवाज टिपणाऱ्या भागाच्या) अगदी जवळ असतो. करंगळीने आवाज हळूहळू वाढवायला ते सोयीचं, पण जोरात स्ट्रमिंग करताना तोच आडवा येतो.

आधी स्वस्तातला उपाय. नॉबखाली कापडाची पट्टी सरकवून तो सरळ वर ओढा. स्क्रूड्रायव्हरने उचकटलात तर पिकगार्डला (गिटारच्या दर्शनी भागावरच्या प्लास्टिकच्या पट्टीला) चीर जाऊ शकते. मग खाली रबरी ओ-रिंग (गोल कडी) घाला. नॉब जड फिरतो, सहज हलत नाही. रिंग फार जाड असेल तर मात्र नॉब नीट बसत नाही.

तरीही लागत असेल तर व्हॉल्यूम मधल्या टोन नॉबच्या जागी न्या, पहिलं भोक रिकामं ठेवा. शेवटचा टोन व्हॉल्यूम पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरच्या) इनपुट पायाला जोडला की तिन्ही पिकअपना एकच पुरतो. मूळचे २५० के (किलो-ओहम) पॉट चालतात. लेस पॉल या दुसऱ्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये नॉब हातापासून दूर असल्याने ही कटकट कमी, पण करंगळी तिथवर पोचवणं कठीण.