न्यूट्रिनोचे चुंबकत्व कसे मोजतात?

प्रश्न : न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म मूलकणावर विद्युतभार नसताना त्याला चुंबकीय गुणधर्म कसा असू शकेल? आणि तो मोजणारे शोधक जमिनीखाली खोल का ठेवतात?

उत्तर : विद्युतभार नसला म्हणजे चुंबकत्वही नसते, असे नाही, न्यूट्रॉन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. न्यूट्रिनोला वस्तुमान असल्याचे सिद्ध झाल्यामुळे त्याला अत्यल्प चुंबकीय परिबल (म्हणजे एखाद्या सूक्ष्म चुंबकासारखे सामर्थ्य) असले पाहिजे, असे सिद्धान्त सांगतो. मात्र हे अपेक्षित मूल्य आजच्या कोणत्याही उपकरणाच्या आवाक्यात नाही. म्हणून हा शोध खरे तर अपेक्षेहून कितीतरी मोठ्या परिबलाचा, पर्यायाने अज्ञात भौतिकीचा आहे.

मोजणी अप्रत्यक्ष असते. न्यूट्रिनो क्वचित एखाद्या इलेक्ट्रॉनवर आदळतो आणि त्या इलेक्ट्रॉनला मिळालेली ऊर्जा शोधक टिपतो. न्यूट्रिनो ज्या मूलभूत बलाने पदार्थाशी क्रिया करतो, त्या नेहमीच्या दुर्बल परस्परक्रियेतून होणाऱ्या अशा धक्क्यांचे प्रमाण कमी ऊर्जेच्या टोकाला जवळपास स्थिर राहते. चुंबकीय परिबलामुळे होणारे धक्के मात्र ऊर्जा घटेल तसे वाढत जातात. त्यामुळे सारे लक्ष काही किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) इतक्या क्षीण संकेतांवर केंद्रित होते, आणि तेथे अवकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांचा व किरणोत्सर्गाचा थोडासा उपद्रवही निष्कर्ष बिघडवू शकतो. इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेवर सुमारे १४०० मीटर खडक असल्याने विश्वकिरणांतील म्यूऑन नावाचे भेदक कण तेथे सुमारे दहा लाख पटींनी घटतात. किरणोत्सर्गी रेडॉन वायूपासून मात्र खडक वाचवत नाही; त्यासाठी शोधकात भरलेले द्रव झेनॉन (ज्यातील इलेक्ट्रॉनवर न्यूट्रिनो आदळतात) अखंड शुद्ध करत राहावे लागते.

ही शुद्धता किती निर्णायक आहे, ते याच प्रयोगशाळेत दिसले. २०२० साली झेनॉन-१टी प्रयोगाने १ ते ७ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टच्या पट्ट्यात अपेक्षित २३२ ऐवजी इलेक्ट्रॉनला धक्का बसल्याच्या २८५ घटना नोंदवल्या. सौर न्यूट्रिनोंचे मोठे चुंबकीय परिबल हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण होते. झेनॉनमधील ट्रिटियमचा (हायड्रोजनच्या किरणोत्सर्गी रूपाचा) अत्यल्प अंश हेही दुसरे होते, आणि संशोधकांनी दोन्ही शक्यता खुलेपणाने मांडल्या, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुढील झेनॉन-एनटी शोधकात पार्श्वभूमी (नको असलेल्या संकेतांचे प्रमाण) सुमारे एक पंचमांशावर आली, आणि २०२२ मध्ये ती वाढ दिसलीच नाही. या मोजणीनुसार परिबल बोर मॅग्नेटॉनच्या (इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वासाठी वापरल्या जाणाऱ्या एककाच्या) लाख कोटी भागांपैकी सुमारे ६.४ भागांहून अधिक असू शकत नाही. ही मर्यादाही सिद्धान्ताच्या किमान अपेक्षेच्या कोट्यवधी पट आहे. तांबड्या राक्षसी ताऱ्यांच्या तेजस्वितेवरून निघणारी मर्यादा याहून कडक आहे, पण ती ताऱ्यांच्या गाभ्याविषयीच्या गृहीतकांवर बरीच अवलंबून असल्याने प्रयोगशाळेतील मोजणीची जागा तिला घेता येत नाही.