मुक्कामाची खबर

"मुलगी लांबच्या प्रवासाला निघाली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. फोन केला तर ती चिडते, नाही केला तर मला झोप लागत नाही. करू तरी काय?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनाला येणारे वडील फार वेळा विचारतात. म्हणून एका वडिलांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीनं, आणि ओळखीच्या खुणा बदलून.

कऱ्हाडकडचे काका. एसटीतून निवृत्त झालेले चालक. मुलगी 28 वर्षांची, पुण्यात नोकरीला. जुलैत ती दोन मैत्रिणींबरोबर गाडी ठरवून मनालीहून लेहला निघाली. वाटेत रेंज नसते, एवढं सांगून गेली होती. पण तिघींची सिमकार्डं प्रीपेड होती, आणि बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड कार्ड लडाखमध्ये चालतच नाही. केलांग सोडलं आणि फोन बंद झाला तो बंदच.

काकांनी दोन रात्री काढल्या. मैत्रिणीच्या भावाला फोन, मनालीच्या हॉटेलला फोन. शेवटी मुलीच्या ऑफिसात. पोलीस चौकीत जायला चप्पल घालून ते दारात उभे होते, तेव्हा लेहच्या हॉटेलच्या वायफायवरून तिचा फोन आला. सुखरूप होती. पण ऑफिसात फोन गेल्याचं कळलं आणि तिनं बोलणंच टाकलं.

"ताई, मी चुकलो का? एवढंच सांगा," म्हणाले.

मी लगेच उत्तर दिलं नाही. त्या दोन रात्री छाती आवळल्यासारखी झाली होती असं बोलण्यात आलं, तेव्हा आधी डॉक्टरांकडे पाठवलं. तपासण्या चांगल्या आल्यावर पुढचं बोलणं सुरू केलं.

काळजीच्या फोनची एक गंमत नसलेली गोष्ट अशी, की तो लागला तर दहा मिनिटं बरं वाटतं. मग मन म्हणतं, तेव्हा ठीक होती, आता? पुन्हा फोन. प्रत्येक फोनागणिक मनाला खात्रीची सवय लागते, आणि ज्या दिवशी ती मिळत नाही त्या दिवशी माणूस कोलमडतो. मी काकांना संध्याकाळी अर्धा तास ठरवून दिला. काळजी त्या वेळेत करायची, वहीत लिहून. दिवसभरात मनात आलं तर "साडेसहाला बघू" म्हणून पुढं ढकलायचं. पहिल्या आठवड्यात जमलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ते वही घेऊन आले. पानावर दोनच ओळी होत्या: "ड्रायव्हर झोपला असेल का. घाटात गाडी न्यूट्रलला टाकत असेल का."

ते पान बघून मला भरून आलं. जन्मभर घाटात गाडी चालवलेल्या माणसाची काळजी अशीच असणार. मी विचारलं, "काका, तुम्ही मुक्कामी गाडीवर असायचात, तेव्हा घरी काय कळायचं?"

"काय कळणार? मोबाईल कुठं होते?" म्हणाले. मग थांबले. एका पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड कोसळली होती. ते प्रवाशांसकट अडकले. दुसऱ्या दिवशी बायको याच लेकीला काखेत घेऊन, भिजत, डेपोत चौकशीला गेली. परतल्यावर ते तिच्यावर ओरडले होते. डेपोत कशाला आलीस, चार लोक काय म्हणतील?

"लेक माझ्यावर ओरडली ते हेच की हो," असं म्हणून बराच वेळ ते रुमालाची घडी करत बसले.

एका रविवारी मुलगी आली. तिला फोनांचा राग नव्हता. मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "घरी सांगून गेली नव्हतीस का?" ते तिला लागलं होतं. मी काकांना विचारलं, मुलगा गेला असता तर ऑफिसात फोन केला असता? त्यांनी खरं सांगितलं. "नसता केला." लेकीबद्दलची भीती उगाच नसते, बाहेरचं जग मीही बघते. पण त्या भीतीचा भुर्दंड लेकीनं भरायचा, हे मला मान्य नाही, आणि तसं मी बोललेही.

मग दोघांनी मिळून ठरवलं. वाटेत फोन नाही, मुक्कामाला पोचल्यावर एक निरोप. कुठली रात्र रेंजशिवाय जाणार ते आधीच सांगायचं. ठरल्या दिवशी दुपारी बारापर्यंत निरोप नाही आला तरच चौकशी करायची, तीही मैत्रिणीच्या भावाकडे. लडाखला पुन्हा जायचं तर कार्ड पोस्टपेड. लेह साडेअकरा हजार फुटांवर आहे, तेव्हा पोचल्यावर दोन दिवस आराम. डोकं दुखून मळमळायला लागलं तर आणखी वर चढायचं नाही. हा मुद्दा मुलीनं स्वतःहून घातला.

आणि काकांनी एकच मागितलं: "गाडी ठरवताना ड्रायव्हरशी मला बोलू दे." मी मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही मलाच शिकवा ना. काय विचारायचं ते मी विचारीन." पुढचा पाऊण तास माझ्याच टेबलावर त्यांनी तिला घाट शिकवला. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. टायरची नक्षी कशी बघायची. ड्रायव्हरला झोप झाली का विचारायचं नाही, कालची गाडी किती वाजता लावली ते विचारायचं. ती मोबाईलवर लिहून घेत होती.

पुढच्या वर्षी ती स्पितीला गेली. काकांनी मला तिचा निरोप दाखवला. "मुक्काम काझा. पोचलो 5.40 ला. ड्रायव्हर रात्री नऊला झोपतो. उद्या सकाळी 8 ला सुटणार."

खाली त्यांचं उत्तर होतं. "बरं बाळा. उतारावर दुसरा गिअर."