तुझा बायोडाटा वाचला

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

नव्या नोकरीसाठी केलेला तुझा बायोडाटा काल रात्री दोनदा वाचला. त्यात तू कुठेच सापडली नाहीस. ‘इन-प्रोसेस इन्स्पेक्शनची जबाबदारी’, ‘टीमवर्क’, ‘मेहनती व प्रामाणिक’. भोसरी-चाकणच्या कारखान्यांतली क्वालिटीतली, म्हणजे माल तपासणारी, निम्मी मुलं हेच लिहितात, आणि त्यातली बरीचशी खरोखर मेहनती असतात. पण वीसेक वर्षं मुलाखती घेतोय, त्या ओळींवरून कुणाला बोलवावं हे मला आजवर कधी ठरवता आलेलं नाही.

दिवाळीत घरी आलीस तेव्हा चहा घेताना काय सांगत होतीस, आठवतं? जेवणाच्या सुट्टीनंतर त्या सीएनसीवरच्या (संगणकावर चालणाऱ्या मशीनवरच्या) पहिल्या तीन-चार नगांच्या बोअरचं, म्हणजे आतल्या भोकाचं, माप बदलतं, हे तुझ्या लक्षात आलं. २५ मिलिमीटरचा, एच७ दर्जाचा बोअर, म्हणजे मापात सगळी मिळून २१ मायक्रॉनची मुभा; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातले दहा-बारा मायक्रॉन थंड पडलेलं मशीनच खात होतं. तू ऑपरेटरशी बोललीस, सुट्टी संपल्यावर आधी स्पिंडल (मशीनचा फिरता दांडा) थोडा वेळ रिकामा फिरवायला लावलास आणि पहिले पाच नग बाजूला काढून बोअर गेजनं एकूण एक तपासायला लागलीस. पुढे त्या नगाची कस्टमरकडून तक्रार आली नाही. हे सगळं बायोडाटात का नाही? ‘त्यात काय एवढं, काका’ म्हणशील. अगं, माणूस हेच शोधत असतो! तीन ओळींत लिही: काय बिघडत होतं, तू काय पाहिलंस, काय बदललंस, मग काय झालं. अशा आणखी दोन गोष्टी आठव. हार्डवर्किंग वगैरे सगळं काढून टाक.

एक मात्र सांभाळ. कस्टमरचं नाव, ड्रॉइंग, नगाचा फोटो यातलं काहीही बाहेर दाखवायचं नाही. मोबाइल पुढे करून जुन्या कंपनीचं ड्रॉइंग दाखवणाऱ्या मुलाला मी घेत नाही. उद्या तो आमचंही दाखवेल.

मुलाखतीत बरेच जण हातात नग आणि मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) देतात. मीही देतो. रीडिंग बरोबर येतं का हे मी नंतर बघतो. आधी बघतो की मुलगा मोजायच्या दोन्ही बाजू पुसतो का, झिरो तपासतो का, शेवटी रॅचेटनं (जादा जोर न लागू देणाऱ्या टोकाच्या मुठीनं) फिरवतो की थिंबल (मोठी मूठ) पिळतो. गेल्या वर्षी एका मुलानं झिरो पाहिला आणि म्हणाला, “सर, हा एक शतांश पुढे आहे.” म्हणजे ०.०१ मिलिमीटर. मी तो मुद्दाम तसाच ठेवला होता. त्या मुलाचं इंग्रजी अडखळत होतं, ते आम्ही बाजूला ठेवलं. तुझंही मराठी माध्यम, म्हणून तू फार घाबरतेस. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चं पाठ केलेलं उत्तर सोड. बोअरची गोष्ट इंग्रजीत आरशासमोर दहा वेळा मोठ्यानं सांग. अडलीस तर “हिंदीत सांगू का?” म्हणून सरळ विचार. चाकणात याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

आता शोधायचं कुठे. पोर्टलवर अर्ज टाक, पण रोज रात्री पन्नास ठिकाणी बटण दाबून झोपायचं आणि आपण प्रयत्न केला असं समजायचं, हे बंद कर. त्यानं माणूस खचतो. त्याऐवजी तुझ्यासारखेच नग बनवणाऱ्या वीस-पंचवीस कंपन्यांची यादी कर: भोसरी, चाकण, तळेगाव, फार तर रांजणगाव. मग कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजायची साधनं तपासायला, येणाऱ्या माणसाशी बोल. तो महिन्याभरात कितीतरी कंपन्यांच्या स्टँडर्ड रूममध्ये (मापं तपासायच्या खोलीत) जाऊन येतो. कुठे नवी लाइन बसतेय, कुठून माणसं सोडून चालली आहेत, हे त्याला एचआरच्या आधी कळतं. टूल विकायला येणाऱ्यांनाही कळतं. “नोकरी आहे का?” म्हणून विचारलंस तर समोरचा अवघडतो. “तिथे क्वालिटीचं काम कसं चालतं, माणसं कशी आहेत?” असं विचार, लोक भरभरून बोलतात.

जॉइनिंगच्या नावाखाली कुणी पैसे मागितले – गणवेशाचे, मेडिकलचे, रजिस्ट्रेशनचे – तर फोन ठेवून दे. खरी कंपनी नोकरी देताना पैसे घेत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नकोस, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार कर.

आणि हातात लेखी ऑफर लेटर, त्यावर पगार आणि रुजू व्हायची तारीख असल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही. “झालंच समजा” हे फोनवरचं वाक्य ऐकून घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

पीएफबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे मी स्वतः चुकलो. पहिल्या नऊ वर्षांत मी तीन कंपन्या बदलल्या आणि दर वेळी पीएफ काढून घेतला. एकदा बहिणीच्या लग्नाला, एकदा गाडीला, एकदा काय झालं तेही आठवत नाही. सोबत पेन्शनचे पैसेही काढले. पीएफसोबतच्या १९९५च्या पेन्शन योजनेत पेन्शन मिळायला दहा वर्षांची सेवा लागते. माझी नऊ वर्षं पुसली गेली, चौथ्या कंपनीत पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू झाली. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, बारा आकडी आहे, तो आयुष्यभर एकच राहतो. नव्या कंपनीत तोच दे आणि जुना पीएफ तिकडे ट्रान्सफर करून घे. तू कॉन्ट्रॅक्टरच्या पेरोलवर आहेस, म्हणून पासबुक उघडून दर महिन्याला पैसे खरोखर भरले गेलेत का तेही बघ. स्लिपवर कपात दिसते म्हणून भरलेच असतील असं धरून चालू नकोस. सोडल्यावर त्यांनी ‘डेट ऑफ एक्झिट’ (नोकरी सोडल्याची तारीख) टाकली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी तुला स्वतःला पीएफच्या पोर्टलवर ती टाकता येते.

नावाचंही तपास. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव कुठेतरी गायब. एका अक्षराच्या फरकावरून ट्रान्सफर महिनोन् महिने अडकते.

पगाराचा आकडा सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चात, सांगतात. त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, बोनस, कधी बस आणि कँटीनसुद्धा धरलेलं असतं. “हातात किती येतील?” हे विचारायला लाजू नकोस. तुझ्या बाबतीत आणखी एक बाब आहे. सध्या तू ईएसआयसीत (सरकारी कामगार विम्यात) आहेस, आणि आईची औषधं तिथूनच येतात. त्यात राहायला पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपयांची आहे. नवा पगार २२,००० झाला तर तू त्यातून बाहेर पडू शकतेस. म्हणून आधीच विचार: कंपनीचा मेडिक्लेम आहे का, आणि त्यात आई-वडील आहेत का? नसतील तर वाढलेल्या पगारातला मोठा भाग औषधांत जाईल आणि तू आहेस तिथेच राहशील.

कंपनीची बस मोशीपर्यंत येते का, सेकंड शिफ्ट सुटल्यावर कुठे सोडते, हेही विचार. चाकणच्या तळेगाव चौकातली कोंडी मी सांगायला नको. रोजचे दोन तास रस्त्यात गेले की नवी नोकरीही लवकरच नकोशी होते.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास ये. बायोडाटाचं पहिलं पान नव्यानं लिहून आण, हातानं लिहिलं तरी चालेल. पीएफचं पासबुक, आधार, पॅन आणि मार्कशीट सोबत असू दे, नावं आपण एकदा जुळवून पाहू. मी घरचा मायक्रोमीटर काढून ठेवतो. आईला नमस्कार सांग.

तुझा,
काका