वाचकांचे प्रश्न : कुस्कोच्या माथ्यावरून उतरताना

प्रश्न : आम्ही पती-पत्नी निवृत्त शिक्षक असून दोघांनीही साठी ओलांडली आहे. पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती आम्ही केलेली आहे. जूनमध्ये मुलासोबत पेरूला जात आहोत. माचू पिक्चूखेरीज कुस्को शहरात एक दिवस मोकळा मिळतो. त्या दिवशी स्पॅनिशांपूर्वी तेथे राज्य करणाऱ्या इंकांचे अवशेष पायी पाहता येतील का, आणि चढ झेपेल का? तेथील भिंतींत चुना वापरलेला नाही असे म्हणतात, ते खरे का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पायी अवश्य पाहावेत, मात्र चढत जाऊ नये, उतरत यावे. कुस्कोच्या उत्तरेला पिसाकच्या रस्त्यावर तांबोमाचाय, पुका पुकारा, केंको आणि साक्सायवामान ही चार स्थळे आहेत. सकाळी वाहनाने थेट तांबोमाचायला जावे आणि सात-आठ किलोमीटर चालत शहरात उतरावे. या चार स्थळांसाठी एका दिवसाचे एकत्रित तिकीट मिळते. ते प्रत्येक ठिकाणी तपासतात, म्हणून हाताशी ठेवावे.

खरी अडचण चालण्याची नसून उंचीची आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आणि कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आहे. कुस्को मात्र ३,४०० मीटरवर वसले असून तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो. लिमाहून विमानाने उतरल्याबरोबर ही वाट धरणे म्हणजे दुखणे ओढवून घेणे होय. पहिल्या दोन रात्री उरुबांबा खोऱ्यात, म्हणजे कुस्कोपेक्षा सुमारे पाचशे मीटर खाली काढाव्यात आणि हा दिवस त्यानंतर ठेवावा. रक्तदाबाची औषधे चालू असल्यास निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तेथे कोकाच्या पानांचा चहा सर्रास मिळतो. मात्र आपल्याकडे ही पाने १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात, त्यामुळे आप्तांसाठी पुडी बांधून आणण्याचा मोह टाळावा.

जून हा तेथील कोरडा हंगाम आहे. दिवसा ऊन भाजते, पहाटे पाणी गोठण्याइतकी थंडी असते. २४ जूनला साक्सायवामानवर इंती रायमी हा सूर्योत्सव होतो. तो पाहायचा नसेल, तर ती तारीख टाळलेली बरी.

तांबोमाचायला झऱ्याचे पाणी दगडी पन्हळींतून एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर पडते, आणि आजही वाहते. पुका पुकारा तेथून हाकेच्या अंतरावर आहे. तेथे पंधरा मिनिटे पुरतात. त्यापुढचा पल्ला मात्र लांब आहे. केंको हा चुनखडीचा एक प्रचंड खडक असून त्याच्या माथ्यावर नागमोडी पन्हळी खोदलेल्या आहेत. पोटातील थंडगार कपारीत सपाट कोरलेला चौथरा दिसतो.

उरलेला सारा वेळ साक्सायवामानला द्यावा. पंधराव्या शतकात, इंका सम्राट पाचाकुतीच्या कारकिर्दीत त्याचे बांधकाम सुरू झाले असे मानले जाते. करवतीच्या दात्यांसारख्या तीन तटभिंती एकावर एक चढत जातात आणि सर्वांत मोठे दगड पुढे आलेल्या कोपऱ्यांवर बसवलेले आहेत. त्यांतील काहींचे वजन शंभर टनांहून अधिक भरते. चुन्याबद्दल आपण ऐकले ते खरे आहे. जवळ जाऊन सांध्याकडे पाहावे : दगडाच्या कडा आत वळवलेल्या असल्याने प्रत्येक सांध्यात बारीक सावली धरते, आणि एका दगडाचा फुगवटा शेजारच्याच्या खोलगटीत नेमका बसतो. खिद्रापूरच्या कोपेश्वराचे चिरेही चुन्याविना बसवलेले आहेत. पण तेथील कारागिरांच्या हाती लोखंडी छिन्नी होती. इंकांकडे लोखंड नव्हते. कठीण गोटे आपटून त्यांनी हे दगड घडवले. भिंती किंचित आत कललेल्या असल्यामुळे भूकंपातही त्या टिकल्या. १६५० आणि १९५० च्या भूकंपांत शहरातील स्पॅनिश इमारती कोसळल्या, तेव्हा इंकांच्या भिंती बहुतांशी उभ्या राहिल्या. तटाचे जे नुकसान झाले ते माणसांनी केले. १५३६ मध्ये इंकांचा राजा मांको इंका याने स्पॅनिशांच्या ताब्यातील शहराला वेढा घातला असता याच तटांवर घनघोर लढाई होऊन स्पॅनिश सरदार हुआन पिझारो मारला गेला आणि पुढे स्पॅनिशांनी येथील हलवता येण्याजोगे चिरे चर्च व वाडे बांधण्यासाठी नेले. आज दिसतो तो त्यांना न हललेला भाग!

तेथून पायऱ्यांच्या वाटेने सान ब्लास भागात उतरता येते. गुडघे कुरकुरत असतील तर काठी जवळ असू द्यावी. शेवटी एक व्यवहाराची बाब : पेरूहून भारतात परतताना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो आणि लस घेतल्यानंतर तो दहा दिवसांनी ग्राह्य होतो, म्हणून ती प्रवासाच्या बरीच आधी घ्यावी.