इंग्लंडमधील चेस्टर शहराचे जॉन डग्लस हे चर्चचे वास्तुविशारद होते की काळ्या-पांढऱ्या (काळा लाकडी सांगाडा, मधल्या भिंती पांढऱ्या) इमारतींचे?

दोन्हींचे, पण त्यांच्या कामाचा कणा चर्चबांधणीचाच होता, कारण त्यांच्या सुमारे 500 कामांत नव्याने बांधलेली चर्च आणि चॅपेलच निदान 40 आहेत, जुन्या चर्चची डागडुजी वेगळीच. 1830 मध्ये चेशायरमधील सॅंडीवे येथे जन्मलेल्या डग्लस यांनी लॅंकेस्टरला ई. जी. पेली यांच्याकडे उमेदवारी केली आणि 1860 च्या सुमारास चेस्टरमध्ये स्वतःचे कार्यालय थाटले. पेली मुख्यतः चर्च बांधणारे असल्याने गॉथिक शैली (टोकदार कमानींची मध्ययुगीन धाटणी) डग्लस यांच्या हातात तिथेच बसली. पुढे चेस्टरजवळच्या ईटन इस्टेटचे मालक असलेल्या ग्रोव्हनर या उमराव घराण्याचा आश्रय मिळाला आणि कामाला तोटा राहिला नाही. लाकूडकामावरचे त्यांचे प्रेम चर्चमध्येही दिसते: डी नदीकाठच्या बॉटन येथील सेंट पॉल्स चर्चमध्ये (1876) आतले खांब दगडाऐवजी लाकडाचे आहेत, आणि माझ्या मते तेच त्यांचे चेस्टरमधील सर्वांत मोकळे काम आहे. सेंट वरबर्ग स्ट्रीटवरील 1890 च्या दशकातली दुकानांची रांग मुळात त्यांना दगडी गॉथिक करायची होती. ग्रोव्हनर घराण्याचे प्रमुख ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांच्या आग्रहाने ती काळी-पांढरी झाली. मात्र शहरातली अशी प्रत्येक इमारत डग्लस यांच्या नावावर टाकू नये; ‘द क्रॉस’ चौकातली बहुचर्चित 1888 ची इमारत टी. एम. लॉकवुड या दुसऱ्या वास्तुविशारदाची आहे. ईस्टगेट या शहराच्या वेशीवरचे 1899 चे घड्याळ डग्लस यांचे खरे, पण त्याखालची कमान अठराव्या शतकातली आहे.